बिंकडीमध्ये फाईल स्किप होतेय? आधी आउटबाउंडची कॉपी घ्या, मग कारण शोधा

फिडोनेट हे संगणकांनी एकमेकांना पत्रं आणि फाईली पोचवायचं जुनं हौशी नेटवर्क. त्यातला नोड (एक स्टेशन) किंवा पॉइंट (नोडच्या खालचं छोटं स्टेशन) चालवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रकार कधी ना कधी बघायला मिळतोच. पोल होतं (म्हणजे आपण समोरच्या सिस्टिमला कॉल करतो), पासवर्ड जुळतो, सेशन नीट बंद होतं, लॉगच्या शेवटी ओके आलेलं असतं आणि तरी जी फाईल जायला हवी होती ती पलीकडे पोचलेलीच नसते. मग माणूस परत पोल करतो, परत ओके, परत फाईल तिथेच. किंवा त्याहून वाईट म्हणजे आपल्याकडून फाईल गायब झालेली असते आणि समोरचा सांगतो की मला काही मिळालंच नाही. हा लेख या दोन्ही प्रकारांसाठी आहे. मी बिंकडी हा मेलर, म्हणजे नोडमध्ये फाईलींची देवाणघेवाण करणारा प्रोग्रॅम, धरून लिहितोय कारण आज बहुतेक लोक तेच वापरतात, पण बिंकपी प्रोटोकॉल बोलणारा दुसरा कुठलाही मेलर असला तरी विचार करायची पद्धत हीच राहते. कॉन्फिगमधले शब्द आणि फाईलची एक्स्टेन्शन्स इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, प्रत्यक्ष फाईलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरं असतात.

सगळ्यात आधी एक काम करा, आणि हे काम झाल्याशिवाय पुढचं एकही पोल करू नका. बिंकडी बंद करा आणि पूर्ण आउटबाउंड फोल्डर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या मेलचं फोल्डर, दुसरीकडे कॉपी करून ठेवा. शक्य असेल तर टॉसरचा (आलेली पत्रं मेसेज बेसमध्ये टाकणारा आणि जाणाऱ्या पत्रांची बंडलं बांधणारा प्रोग्रॅम) क्रॉनही, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणारं काम, थांबवा. याचं कारण असं की स्किप, म्हणजे समोरच्याने फाईल न घेणं, दोन प्रकारचं असतं आणि त्यातल्या एका प्रकारात पाठवणाऱ्याची फाईल डिलीट होते. तुमच्याकडे कुठला प्रकार चाललाय हे कळायच्या आत तुम्ही चार वेळा पोल केलंत तर जी मेल वाचवता आली असती ती कायमची जाऊ शकते. एकोमेलच्या, म्हणजे सार्वजनिक चर्चेच्या पत्रांच्या, बंडलमध्ये फक्त तुमची पत्रं नसतात, तुमच्या खालच्या पॉइंट्सची पण असतात, त्यामुळे इथे जरा जबाबदारीने वागायला हवं.

स्किपचे दोन प्रकार

मोडेमच्या काळात झेडमोडेममध्ये सुद्धा फाईल नाकारायची सोय होती, फोनचं बिल मिनिटावर पडायचं त्यामुळे नको असलेली फाईल घेत बसणं कोणालाच परवडत नव्हतं. बिंकपी टीसीपी-आयपीसाठी बनला, त्याचा नेहमीचा पोर्ट २४५५४, आणि त्यात नकार देण्याचे दोन वेगळे मार्ग ठेवलेत.

पाठवणारा एम-फाईल असा मेसेज पाठवतो, त्यात फाईलचं नाव, साईज, वेळ आणि कुठल्या बाइटपासून पाठवतोय तो ऑफसेट असतो. घेणाऱ्याकडे आता तीन पर्याय असतात. फाईल पूर्ण घेतली की तो एम-गॉट पाठवतो, म्हणजे मिळाली, तू तुझी काढून टाक. अर्धी फाईल आधीच असेल तर एम-गेट पाठवून पुढच्या भागापासून मागतो. आणि आत्ता नको असेल तर एम-स्किप पाठवतो, याचा अर्थ आत्ता घेत नाही, तुझ्याकडेच ठेव, नंतर परत दे. हे झालं नॉन-डिस्ट्रक्टिव्ह स्किप.

गोची अशी आहे की घेणाऱ्याने फाईल न घेताच एम-गॉट पाठवलं तरी ते प्रोटोकॉलच्या नियमात बसतं. पाठवणाऱ्याला वाटतं फाईल पोचली, तो आपली फाईल डिलीट करतो किंवा शून्य बाइटची करतो. हे डिस्ट्रक्टिव्ह स्किप. कोणाला एखादी फाईल कधीच नको असेल तर हे उपयोगी आहे, नाहीतर ती आयुष्यभर रांगेत अडकून राहील. पण चुकून लागलं तर मेल हरवते.

यावरून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कारण घेणाऱ्याच्या लॉगमध्ये असतं. पाठवणाऱ्याच्या लॉगमध्ये फार तर इतकंच दिसतं की समोरच्याने फाईल स्किप केली, का केली ते बहुतेक वेळा दिसत नाही. डिस्ट्रक्टिव्ह असेल तर तेवढंही कळेल असं नाही. लोक स्वतःच्याच कॉन्फिगमध्ये तासन् तास शोधत बसतात आणि उत्तर पलीकडच्या मशीनवर एका ओळीत लिहिलेलं असतं.

लॉग कसा वाचायचा

बिंकडीच्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक चिन्ह असतं. अधिक म्हणजे महत्त्वाची माहिती, वजा म्हणजे साधी माहिती, प्रश्नचिन्ह म्हणजे एरर. त्यानंतर तारीख, वेळ आणि चौकटी कंसात प्रोसेसचा नंबर. एका वेळी दोन-तीन सेशन चालू असतील तर ओळी एकमेकांत मिसळतात, म्हणून आधी आपल्या सेशनचा तो कंसातला नंबर शोधा आणि ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) मारून फक्त त्या नंबरच्या ओळी वेगळ्या काढा. निम्मं कोडं इथेच सुटतं.

आता शेवटची ओळ बघा. तिथे डन, मग पत्ता, मग ओके आणि मग एस/आर असं लिहून दोन आकडे असतात, किती फाईल पाठवल्या आणि किती घेतल्या. ओके या शब्दावर विश्वास ठेवू नका, तो फक्त सेशन नीट संपल्याचं सांगतो. एस/आर च्या पुढे ०/० असेल आणि वर फाईल पाठवायला सुरुवात केल्याची ओळ असेल तर फाईल स्किप झाली आहे. पाठवणाऱ्याकडे सेंडिंगची ओळ आहे पण सेंटची नाही, म्हणजे नॉन-डिस्ट्रक्टिव्ह. दोन्ही आहेत आणि घेणाऱ्याकडे मात्र रिसिव्ह्डची ओळ नाही, म्हणजे डिस्ट्रक्टिव्ह. आणि सेंडिंगचीच ओळ नसेल तर हे स्किप नाहीच, तुमची फाईल रांगेत लागलेलीच नाही, त्याबद्दल खाली लिहिलंय.

लॉगमध्ये पुरेसं दिसत नसेल तर लॉगलेव्हल वाढवा. नेहमी ४ ठेवतात, शोधाशोध करताना ६-७ करा आणि काम झालं की परत खाली आणा, नाहीतर लॉगच डिस्क भरून टाकेल आणि डिस्क भरली की परत स्किप.

पहिला संशय: जागा

नॉन-डिस्ट्रक्टिव्ह स्किप असेल तर सर्वात आधी घेणाऱ्याची डिस्क बघा. बिंकडीत मिनफ्री नावाची सेटिंग आहे, इनबाउंड (येणाऱ्या फाईलींचं फोल्डर) असलेल्या डिस्कवर इतकी जागा मोकळी नसेल तर फाईल घ्यायची नाही असा तिचा अर्थ. बिनपासवर्डच्या सेशनसाठी मिनफ्री-नॉनसिक्युअर वेगळी असते. हा आकडा किलोबाइटमध्ये असतो. २०४८ लिहिलं तर २ एमबी. कोणी तो बाइट्समध्ये समजून २०४८००० लिहिला तर झाली जवळपास २ जीबीची अट, आणि छोट्या एसडी कार्डवर चालणाऱ्या रास्पबेरी पायवर किंवा स्वस्तातल्या व्हीपीएसवर ती अट एक दिवस मोडणारच. सुरुवातीला सगळं चालतं, काही महिन्यांनी लॉग आणि जुनी बंडलं साठत जातात आणि मग अचानक सगळ्याच फाईल स्किप व्हायला लागतात. काही बदल केलेला नसताना अचानक सुरू झालं असेल तर नव्वद टक्के हेच.

डीएफ कमांडने मोकळी जागा बघताना एकूण आणि वापरलेली जागा वजा करून हिशोब करू नका, अव्हेलेबलचा कॉलम बघा. ईएक्सटी४ मध्ये साधारण ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवलेली असते, बिंकडी साध्या युजरवर चालत असेल तर ती त्याच्या कामाची नाही. आणि डीएफला आय हा ऑप्शन देऊन आयनोडही (डिस्कवर किती फाईली बनवता येतील तो कोटा) तपासा, कारण मेसेज बेस एमएसजी फॉरमॅटमध्ये असेल तर प्रत्येक पत्राची वेगळी फाईल बनते, जीबीमध्ये जागा दिसते पण आयनोड संपलेले असतात.

इनबाउंड आणि टेम्प-इनबाउंड (येत असलेल्या अर्धवट फाईलींचं फोल्डर) वेगवेगळ्या डिस्कवर असतील तर दोन्ही तपासा.

दुसरा संशय: परमिशन

हे लिनक्सवर फार होतं. बिंकडी सिस्टिमडीमधून एका वेगळ्या युजरवर चालतं आणि टॉसर रूटच्या क्रॉनमधून चालतो, मग टॉसरने बनवलेली फोल्डरं रूटच्या नावावर जातात आणि बिंकडीला तिथे लिहिता येत नाही. अशा वेळी फाईल स्किप होईल किंवा सेशनच तुटेल, पण घेणाऱ्याच्या लॉगमध्ये प्रश्नचिन्हाने सुरू होणारी ओळ नक्की मिळेल. तपासायचा सरळ उपाय असा की बिंकडी ज्या युजरवर चालतं त्याच युजरने, सुडूला यू ऑप्शन देऊन, इनबाउंडमध्ये एक रिकामी फाईल टच करून बघा. स्वतःच्या लॉगिनवरून करून "माझ्याकडे तर चालतंय" म्हणण्यात काही अर्थ नाही. उपाय म्हणजे दोन्ही प्रोग्रॅम एकाच युजरवर चालवा. सगळ्याला ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) देऊन मोकळं होऊ नका, बाहेरच्या जगातून फाईल येणारं फोल्डर आहे ते.

तिसरा संशय: स्किपचे नियम

कॉन्फिगमध्ये स्किप या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी शोधा. त्यात कुठल्या प्रकारच्या नोडसाठी, किती साईजच्या वर आणि कुठल्या नावाच्या मास्कला (नमुन्याला) नकार द्यायचा ते लिहिलेलं असतं, आणि नकार डिस्ट्रक्टिव्ह आहे का ते पण. तुमच्या आवृत्तीसोबत आलेली सॅम्पल कॉन्फिग शेजारी उघडून तिथल्या कॉमेंटशी प्रत्येक ओळ ताडून बघा. बिंकडीला इन्क्लूडने दुसरी फाईल जोडता येते, त्यामुळे फक्त मुख्य फाईल बघून थांबू नका, सगळ्या जोडलेल्या फाईलींमध्ये ग्रेप मारा. बऱ्याच जणांनी कधीकाळी दुसऱ्याची कॉन्फिग तशीच उचललेली असते आणि त्यात त्याच्या काळातला, त्याच्या डायलअपला शोभेल असा साईजचा नियम बसलेला असतो.

इथे एक कमी लक्षात येणारी गोष्ट आहे. नियम पासवर्ड असलेल्या आणि नसलेल्या नोडसाठी वेगळा असू शकतो. समजा तुमच्या अपलिंकने (ज्या नोडकडून तुम्ही मेल घेता त्याने) सिस्टिम बदलली आणि नव्या कॉन्फिगमध्ये तुमचा पासवर्ड टाकायचा राहिला. सेशन तरीही होऊ शकतं, फक्त ते असुरक्षित धरलं जातं, आणि मग तुमच्या फाईलींना अनोळखी माणसाचे नियम लागतात. स्किपचा नियम नसला तरी फाईल इनबाउंड-नॉनसिक्युअरमध्ये जाऊन पडते आणि टॉसर तिकडे बघतच नाही, त्यामुळे सगळ्यांना वाटतं फाईल आलीच नाही. म्हणून लॉगमध्ये सेशन पासवर्डचं झालं की बिनपासवर्डचं ते आवर्जून बघा.

चौथा: "माझ्याकडे आहे की ही"

घेणाऱ्याच्या इनबाउंडमध्ये त्याच नावाची, त्याच साईजची, त्याच वेळेची फाईल आधीच असेल तर बिंकडी ती परत घेत नाही, एम-गॉट पाठवून मोकळं होतं. हे बरोबरच आहे. मागच्या वेळी फाईल पूर्ण आली पण एम-गॉट पोचायच्या आत लाइन तुटली असेल तर ती दुसऱ्यांदा कशाला घ्यायची. घेणाऱ्याच्या लॉगमध्ये फाईल आधीच असल्याची ओळ येते. तशी ओळ दिसली तर मेलरचा काही दोष नाही, टॉसर का चालत नाहीये ते शोधा, कारण टॉसरने फाईल उचलली असती तर ती इनबाउंडमध्ये राहिलीच नसती.

नाव तेच पण साईज किंवा वेळ वेगळी असेल तर बिंकडी नवी फाईल घेतं आणि तिचं नाव बदलून ठेवतं. तेव्हा "अमुक नावाची फाईल मिळाली नाही" असं कोणी म्हटलं तर इनबाउंडमध्ये जवळच्या नावाची फाईल आहे का ते बघायला सांगा.

पाचवा: अर्धवट फाईली

घेतली जात असलेली फाईल बिंकडी दोन तुकड्यांत ठेवतं. डीटी एक्स्टेन्शनच्या फाईलमध्ये आलेला डेटा आणि एचआर एक्स्टेन्शनच्या फाईलमध्ये मूळ नाव, साईज, वेळ आणि पाठवणाऱ्याचा पत्ता. एचआर साध्या एडिटरमध्ये उघडून वाचता येते, कुठली फाईल अडकली आहे ते लगेच कळतं. लाइन वारंवार तुटत असेल तर अशा जोड्या साठत जातात. किल-डप-पार्शियल-फाईल्स आणि किल-ओल्ड-पार्शियल-फाईल्स या दोन सेटिंग त्यासाठीच आहेत. हाताने साफ करायचं असेल तर आधी बिंकडी बंद करा आणि एचआर आणि डीटी दोन्ही एकत्र काढा, एकच काढून दुसरी ठेवू नका.

यातच मोडणारा एक प्रकार म्हणजे पाठवत असतानाच फाईल बदलणं. बिंकपीमध्ये फाईलची ओळख नाव, साईज आणि वेळ या तिघांवर चालते. मेलर बंडल पाठवतोय आणि त्याच क्षणी टॉसरने त्यात नवीन पॅकेट घातलं तर साईज आणि वेळ बदलते आणि समोरून आलेलं उत्तर जुळत नाही. हे होऊ नये म्हणून बीएसवाय एक्स्टेन्शनची लॉक फाईल असते. टॉसर आणि मेलर दोघांनाही एकच आउटबाउंड पाथ दिलाय का आणि टॉसर बीएसवाय मानतो का ते तपासा. टॉसर चालवणारी स्क्रिप्ट घाईत लिहिली असेल तर लॉक जबरदस्तीने डिलीट करणारी एखादी ओळ तिच्यात सापडू शकते, ती काढून टाका. जुने अडकलेले लॉक काढायला किल-ओल्ड-बीएसवाय आहे.

फाईलच्या नावात स्पेस किंवा देवनागरी अक्षरं असतील तर ती प्रोटोकॉलमध्ये एस्केप करून जातात आणि दोन मेलर ते वेगळ्या पद्धतीने करत असतील तर नाव जुळत नाही, मग तीच फाईल प्रत्येक सेशनला जात राहते. फाईल एकोत टाकताना नाव साध्या इंग्रजी अक्षरांत आणि छोटं ठेवा, वाद संपला.

कारण दूर केलं तरी फाईल जात नाही?

इथे खूप जण अडकतात म्हणून जरा थांबून लिहितो. समोरच्याने एम-स्किप दिलं की पाठवणाऱ्याचं बिंकडी त्या नोडला काही वेळ होल्डवर टाकतं. होल्ड-स्किप्ड ही ती सेटिंग, सॅम्पल कॉन्फिगमध्ये एक तास असतो. लॉगमध्ये स्किप झालेली मेल इतके सेकंद होल्ड करतोय अशी ओळ येते आणि आउटबाउंडमध्ये त्या नोडच्या नावाची एचएलडी एक्स्टेन्शनची फाईल तयार होते. ती असेपर्यंत तुमच्याकडून त्या नोडला कॉल लागत नाही. तर होतं काय, समोरचा डिस्क साफ करतो, तुम्हाला कळवतो की आता पाठव, तुम्ही बघता तर काहीच हलत नाही, आणि दोघंही नव्याने भलतीकडे शोधायला लागता. एचएलडी फाईल बिंकडी बंद असताना काढून टाका किंवा तासभर थांबा. किंवा सरळ समोरच्याला तुमच्याकडे पोल करायला सांगा, होल्ड फक्त तुमच्या बाजूने होणाऱ्या कॉलसाठी असतो, तो स्वतः आला तर फाईल त्याला दिली जाते. अर्थात तुमच्याकडे बाहेरून कनेक्शन येत असेल तरच, घरच्या ब्रॉडबँडवर सीजीनॅटच्या (अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देणारी कंपनीची सोय) मागे असाल तर हा मार्ग बंद.

ती फाईल ओळखायची कशी? नोडच्या पत्त्यातला नेट आणि नोड हेक्समध्ये, चार-चार आकडे. समजा पत्ता १:२८०/१०० आहे, तर २८० चे हेक्स ०११८ आणि १०० चे ००६४, म्हणून सगळ्या फाईली ०११८००६४ या नावाने सुरू होतात. पुढे एफएलओ म्हणजे साध्या रांगेतली यादी, सीएलओ म्हणजे क्रॅश, डीएलओ डायरेक्ट, एचएलओ होल्ड. एचएलओ आणि एचएलडी यात गोंधळ करू नका. एचएलओ तुमची स्वतःची यादी आहे, ती काढलीत तर मेल रांगेतून निघाली.

सेंडिंगची ओळच येत नसेल तर हीच एफएलओ फाईल उघडा. प्रत्येक ओळीत एका फाईलचा पूर्ण पाथ असतो. आधी टोपीचं चिन्ह असेल तर पाठवल्यावर डिलीट, हॅश असेल तर पाठवल्यावर शून्य बाइट, आणि लाटेसारखं टिल्डचं चिन्ह असेल तर ती ओळ झालेली धरून सोडून दिली जाते. पाथ विंडोजच्या सवयीने कॅपिटल अक्षरांत असेल आणि लिनक्सवर फाईल स्मॉलमध्ये असेल तर ती सापडणार नाही. आणि सेंड-इफ-पीडब्ल्यूडी चालू असेल तर बिनपासवर्डच्या सेशनमध्ये फाईल बाहेर जाणारच नाही.

चाचणी

कारण सापडल्यासारखं वाटलं तरी खऱ्या मेलवर प्रयोग करू नका. एक १० केबीची टेस्ट फाईल बनवा, तिचा पाथ एफएलओमध्ये कुठलंही चिन्ह न लावता लिहा म्हणजे गेल्यावरही ती तुमच्याकडे राहते, आणि एकदाच पोल करा. स्मॉल पी ऑप्शन दिला की रांग संपल्यावर बिंकडी बाहेर पडतं, कॅपिटल पी पुढे नोडचा पत्ता द्यायचा. छोटी फाईल गेली तर तीच अडकलेल्या फाईलइतकी मोठी करून पाठवा. आता स्किप झाली तर प्रश्न जागेचा किंवा साईजच्या नियमाचा. मोठी पण गेली तर तिला अडकलेल्या फाईलचं एक्स्टेन्शन द्या, फक्त टॉसर उचलेल अशा नावाची टेस्ट करण्याआधी समोरच्याला सांगून ठेवा. एक्स्टेन्शन बदलल्यावर स्किप झाली म्हणजे मास्क. आणि अगदी १० केबीची फाईलही जात नसेल तर परमिशन किंवा मिनफ्री. एका वेळी एकच गोष्ट बदला. कॉन्फिग बदलली की बिंकडी रीस्टार्ट करा.

समोरच्या सिसॉपला (सिस्टिम चालवणाऱ्याला) काय लिहायचं

घेणारी बाजू तुमची नसेल तर शेवटी नेटमेल (एकाच माणसाला जाणारं फिडोनेटचं खासगी पत्र) लिहावाच लागतो, आणि नेटमेलच अडकला असेल तर ईमेल. हे सगळे लोक आपापल्या वेळातून, पदरमोड करून सिस्टिम चालवतात, १९८४ मध्ये टॉम जेनिंग्जने फिडो सुरू केलं तेव्हापासून हे नेटवर्क अशाच लोकांवर उभं आहे. त्यामुळे "माझी मेल जात नाही, बघा जरा" एवढंच लिहून त्यांच्या गळ्यात शोधकाम टाकू नका. फाईलचं नेमकं नाव, साईज, तुमचा पत्ता आणि सेशनची वेळ यूटीसीमध्ये द्या. वेळेचं मुद्दाम सांगतोय कारण आपण साडेपाच तास पुढे आहोत, समोरचा युरोपात किंवा ऑस्ट्रेलियात बसून तुमचे सहा वाजून दहा मिनिटं त्याच्या लॉगमध्ये शोधत राहील आणि काहीच मिळणार नाही. तुमच्या लॉगच्या त्या एका सेशनच्या ओळी जोडा, पासवर्ड दिसत असेल तर पुसून, आणि नेमकं मागा: त्या वेळच्या सेशनमधली प्रश्नचिन्हाची ओळ आणि त्या फाईलच्या नावाची ओळ, दोनच.

डिस्ट्रक्टिव्ह स्किपमुळे बंडल गेलं असेल तर सुरुवातीला घेतलेली कॉपी आता कामाला येते. त्यातली फाईल आउटबाउंडमध्ये परत ठेवा, एफएलओमध्ये तिची ओळ पुन्हा लिहा आणि पोल करा. कॉपी नसेल तर टॉसरमधून त्या एरियांचं (चर्चेच्या विषयांचं) रीस्कॅन करता येतं, म्हणजे जुनी पत्रं पुन्हा पाठवता येतात, मेसेज बेसमध्ये पत्रं असेपर्यंत. फक्त समोरच्याकडे डुप्लिकेट तपासणी चालू आहे ना ते आधी विचारून घ्या, नाहीतर जुनी पत्रं पुन्हा सगळ्या नेटवर्कमध्ये फिरतील. आणि ती कॉपी लगेच उडवू नका, समोरच्याकडून टॉस झाल्याचं कळेपर्यंत असू द्या.